चुकार गोळी

गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं सकाळीं मी माझ्या पुतणीबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलों होतों. ती तीन वर्षांपासून रायफल चालवीत आहे. पन्नास मीटरांवर कागदाचें निशाण लावलेलें होतें. चटईवर पालथें पडून तिनें दहा गोळ्या सावकाश झाडल्या. कागद जवळ आणून पाहतों तों नऊ गोळ्यांचीं भोंकें एकमेकांत इतकीं मिसळून गेलेलीं कीं तें एकच फाटलेलें मोठें भोंक वाटावें. दहावें मात्र वर उजव्या अंगाला, पंगतींतून रुसून उठलेल्या पोरासारखें एकटेंच. मीं त्यावर बोट ठेवलें. ती चटकन् म्हणाली, "ती माझी नाही, काका. चुकार आहे ती."

वाक्य साधें होतें. पण घरीं येईपर्यंत तें माझ्या डोक्यांतून जाईना. ती गोळी तिच्याच रायफलींतून, तिच्याच बोटाच्या दाबानें सुटली होती. मग ती तिची कां नव्हे? उरलेल्या नऊ गोळ्या 'माझ्या' म्हणतांना तिला कसलाच संकोच वाटला नव्हता. ज्या हातानें नऊ झाडल्या त्याच हातानें दहावी झाडली. नऊंचें श्रेय हाताला आणि दहावीचा दोष कोणा अनामिकाला, हा हिशेब कोणत्या न्यायाचा? मुलीला बोल लावावा हा माझा हेतु नाहीं. कारण हेंच वाक्य आपण सर्वजण निरनिराळ्या शब्दांत आयुष्यभर उच्चारीत असतों. 'तें मी बोललों नाहीं, माझा राग बोलला'. 'माझा स्वभाव तसा नाहीं, त्या दिवशीं कसें कोण जाणे घडलें'. हीं सारीं त्या एका वाक्याचींच रूपांतरें होत. आपल्या हातून घडलेल्या कर्मांपैकीं कोणतीं आपलीं म्हणावयाचीं आणि कोणतीं नाकारावयाचीं, हा नीतिविचारांतला फार जुना प्रश्न आहे. नेमबाजाच्या कागदावर तो उघड्या डोळ्यांना दिसतो, एवढ्यासाठीं त्या कागदाच्याच आधारानें तो येथें पाहण्याचें योजिलें आहे.

हा आधार कोल्हापुरांत तरी कोणाला परका वाटूं नये. तालमीच्या लाल मातीसाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवानें नेमबाजीलाहि आपलेंसें केलें आहे. येथल्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर रायफलच्या, पालथ्या स्थितींत खेळावयाच्या स्पर्धेंत जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. सावंतांचे म्यूनिकचे गुण ६०० पैकीं ५९७ होते, आणि ते त्या वेळच्या जागतिक विक्रमाच्या बरोबरीचे होते. साठ गोळ्या, प्रत्येकीला फार तर दहा गुण. दहाचें वर्तुळ तरी केवढें? त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा; आणि ती गुंडी पन्नास मीटर दूर. लोक ५९७ या आंकड्याकडे पाहून थक्क होतात. मी अलीकडे उरलेल्या तीन गुणांचा विचार करीत असतों. जगांत सर्वश्रेष्ठ ठरण्याच्या दिवशींहि एखाददुसरी गोळी दहाच्या बाहेर जातेच. तात्पर्य, चुकार गोळी ही केवळ नवशिक्याची मालमत्ता नव्हे. ती कोणाच्याहि हातून सुटते. सुटल्यावर तिच्याशीं आपण कोणतें नातें सांगतों, यांत मात्र माणसामाणसांत फरक पडतो.

या नात्याचा पहिला धडा मला पस्तीसएक वर्षांपूर्वीं मिळाला. कॉलेजांत असतां राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत आम्हांला पॉइंट टू-टू रायफल चालवावयास शिकवीत. शिकविणारे मराठा पलटणींतले एक हवालदार होते. त्यांना आम्ही 'उस्ताद' म्हणत असूं. त्यांची एक विचित्र शिस्त होती. गोळी सुटली कीं ते निशाणाकडे पाहूं देत नसत. डोळ्यांपुढें आपली टोपी धरीत आणि विचारीत, "बोल गड्या, कुठं गेली?" घड्याळाच्या कांट्यांच्या भाषेंत उत्तर द्यावें लागे: तीन वाजतां, सात वाजतां, मधोमध. उत्तर दिल्यावांचून टोपी बाजूला होत नसे. एकदां मी म्हणालों, "उस्ताद, दिसल्याशिवाय कसं सांगू?" त्यावर ते म्हणाले, "दिसल्यावर तर गाढवबी सांगंल. आधी बोल, मग बघ."

हा त्यांचा लहरीपणा नव्हता, हें पुढें कळलें. चाप सुटतो त्या क्षणीं पुढची माशी निशाणाच्या कोणत्या बाजूस झुकली होती, याचें चित्र सावध माणसाच्या डोळ्यांत क्षणभर राहतें. श्वास अर्धवट राहिला होता काय, बोट हळूं दाबलें गेलें कीं हिसक्यानें, दस्ता खांद्यावर नीट बसला होता कीं नाहीं, याची खबर अंगाला असते. कागद पाहिला कीं ती खबर पुसली जाते. भोंक जेथें दिसतें तेथेंच आपण नेम धरला होता, किंवा तेथें मुळींच धरला नव्हता, असें मन सोयीप्रमाणें ठरवून टाकतें. म्हणून साक्ष पुराव्याच्या आधीं घ्यावयाची. पुरावा पाहून दिलेली साक्ष ही साक्षच नव्हे.

अशी साक्ष हातीं असली म्हणजे चुकार गोळीचें निदान करतां येतें. सांगितलेली जागा आणि भोंकाची जागा जुळली, तर दोष आपल्या बोटांत, श्वासांत किंवा घाईंत आहे, हें जवळजवळ ठरलें. ती जुळली नाहीं, आणि आपण खरें बोललों असलों, तर शोध बाहेर न्यावयाचा. नळी दस्त्याशीं जखडणारे स्क्रू ढिले झाले आहेत काय? माशी सरकली काय? नळींत काजळी धरली काय? काडतुसांची पेटी बदलली काय? एकाच कारखान्याचीं, पण निरनिराळ्या वेळीं तयार झालेलीं काडतुसें एकाच नळींतून सारखीं जात नाहींत, हें प्रत्येक जाणता नेमबाज अनुभवानें जाणतो. शेवटीं वारा. पॉइंट टू-टूच्या गोळीला पन्नास मीटर जावयास सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधींतहि आडवी झुळूक तिला दहाच्या वर्तुळाबाहेर ढकलूं शकते. म्हणून मैदानावर वाटेंत लहान लहान पताका लावतात.

या शोधाचा एक कडक नियम आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. ज्यानें स्क्रूहि आवळले, नळीहि पुसली आणि काडतुसेंहि बदललीं, त्याच्या पुढच्या दहा गोळ्या एके जागीं बसल्या तरी रोग कोणता होता हें त्याला कधींच कळणार नाहीं; आणि न कळलेला रोग पुन्हां उद्भवल्यावांचून राहत नाहीं. परंतु या नियमाच्याहि आधीं एक अट आहे, आणि ती म्हणजे पहिला शब्द खरा असणें. माझें बोट हिसकलें हें ठाऊक असून मी 'मधोमध' म्हणालों, तर पुढचा सारा दिवस निर्दोष बंदुकीचे स्क्रू पिळण्यांत जाईल. जो स्वतःविषयीं खोटें बोलतो त्याला बंदुकीविषयींहि खरें कळत नाहीं. आत्मपरीक्षण हा परमार्थाचा विषय आणि वस्तुस्थितीचें ज्ञान हा शास्त्राचा विषय, अशी वांटणी आपण करतों. नेमबाजाच्या चटईवर पहिल्यावांचून दुसऱ्याला आरंभच होत नाहीं.

कर्माच्या कारणांचा असा विचार आपल्याकडे नवा नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मैदानावर या पांचांचीं उदाहरणें शोधावयास लांब जावें लागत नाहीं. अधिष्ठान म्हणजे ज्यावर उभें राहावयाचें तें. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अभिनव बिंद्रा दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरींत सातवे आले. त्यांच्या पायांखालची फरशी सैल होती, हें मागाहून कळलें. करण म्हणजे साधन. अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स यांच्या गोळ्या त्याच वर्षीं निवडचाचणीच्या सुमारास अकारण फांकूं लागल्या; शोध घेतां कोणीतरी त्यांच्या रायफलीची नासधूस केल्याचें आढळलें. त्यांनीं सहकारी खेळाडूची रायफल मागून घेतली आणि तिच्याच बळावर अथेन्सला पालथ्या स्थितीच्या स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें. चेष्टा म्हणजे हालचाल. याच एमन्सना २००८ सालीं बीजिंगला तीन स्थितींच्या स्पर्धेंत शेवटच्या गोळीपूर्वीं तीन गुणांहून अधिक आघाडी होती; नेम पुरता स्थिरावण्याआधींच बोटाचा दाब पडला, गोळी ४.४ वर गेली आणि ते चौथे आले. आणि कर्ता? अथेन्सलाच, तीन स्थितींच्या स्पर्धेंत, सुवर्णपदक जवळजवळ हातांत असतां त्यांनीं शेवटची गोळी शेजारच्या खेळाडूच्या निशाणावर झाडली. साधन निर्दोष, हात स्थिर, नेम अचूक; फक्त निशाण दुसऱ्याचें. त्या गोळीला शून्य मिळालें व ते आठव्या स्थानावर घसरले. परधर्म भयावह कां, हें याहून थोडक्यांत कोणी सांगितलें असेल असें मला वाटत नाहीं.

राहतां राहिलें दैव. गीतेनें त्याला वगळलें नाहीं, परंतु पांचवें स्थान दिलें आहे. पहिलीं चार तपासून झाल्यावर जें उरेल तें दैव. आपण मात्र बहुधा आरंभच तेथून करतों. उलट, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यालाहि खरें दिसत नाहीं, असें तेथेंच पुढें म्हटलें आहे. म्हणजे सारा दोष बाहेर ढकलणारा आणि सारा दोष पोटाशीं धरणारा, दोघेहि एकाच अज्ञानाचे धनी.

आपल्या गांवचेंच एक उदाहरण घ्या. अंबाबाईच्या देवळांत वर्षांतून दोनदां, जानेवारीच्या अखेरीस व नोव्हेंबरांत, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून गाभाऱ्यांत शिरतात. पहिल्या दिवशीं चरणांवर, दुसऱ्या दिवशीं वक्षःस्थळावर आणि तिसऱ्या दिवशीं मुखावर पडतात. शेंकडों वर्षांपूर्वीं कोणा कुशल हातानें धरलेला हा नेम आहे. एखाद्या वर्षीं किरण चरणांपाशींच थबकतात, आणि गांव हळहळतें. पण जाणत्या मंडळींनीं केवळ हळहळ केली नाहीं. किरणांच्या वाटेंत ढग आले, धूळ आली, कीं महाद्वाररस्त्यावरचें एखादें बांधकाम आडवें आलें, याचें मोजमाप घेतलें गेलें. ढग हें दैव. वाढविलेला मजला हें आपलें कर्म. दोहोंची गल्लत केली असती तर दोष ढगांनाच लागला असता आणि मजले चढतच राहिले असते.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. 'सबब' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ कारण. कचेरीच्या अर्जांत 'सबब विनंति कीं' असें अजूनहि लिहितात, तेथें त्याला कोणताहि कलंक नाहीं. पण घरांतल्या बोलण्यांत सबब म्हणजे पळवाट. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कां चिकटले असावेत? मला वाटतें, आपल्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें कीं तेंच कारण एका तोंडून कारण असतें आणि दुसऱ्या तोंडून सबब होतें. स्क्रू ढिला होता, ही गोष्ट खरी. ती सांगून जो किल्ली उचलतो त्याच्या तोंडीं तें कारण. ती सांगून जो चहाला जातो त्याच्या तोंडीं ती सबब. फरक वाक्यांत नसून वाक्यानंतरच्या कृतींत आहे.

चुकार गोळी वगळण्याचा मोह नेमबाजांपुरताच नाहीं. आकाशांतल्या ताऱ्यांचीं स्थानें मोजणाऱ्या ज्योतिर्विदांनाहि तो झाला. दहा वेधांपैकीं नऊ जुळतात, एक भलतीकडे जातो. तो टाकून सरासरी काढावी काय? डॅनियल बर्नूली या स्विस गणितज्ञानें १७७७ च्या सुमारास या प्रश्नावर लिहितांना वेध घेणाऱ्याला तिरंदाजाचीच उपमा दिली आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: केवळ इतरांशीं जुळत नाहीं म्हणून वेध टाकूं नये, न जाणो, टाकलेलाच इतरांची चूक दाखविणारा असेल. मात्र वेध घेतेवेळींच, तो इतरांशीं ताडून पाहण्याच्या आधीं, कांहीं अपघात घडल्याची शंका मनांत आली असेल तर तो टाकण्यास प्रत्यवाय नाहीं. मीं हें प्रथम वाचलें तेव्हां मला एकदम उस्तादांची टोपी आठवली. पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेसाठीं लिहिणारा गणिती आणि मराठा पलटणींतला हवालदार एकाच निर्णयावर येऊन ठेपले होते: आधीं बोल, मग बघ.

त्याच विचाराचा दुसरा भाग असा, कीं थोड्या गोळ्यांवरून माणसानें स्वतःविषयीं मत बनवूं नये. पांच गोळ्यांचा पुंजका लहान दिसतो. त्याच बंदुकीच्या, त्याच हाताच्या वीस गोळ्या एका कागदावर घ्या, तो मोठा होतो. पांचांत जी चुकार वाटली ती विसांच्या पुंजक्यांत सहज सामावते. ती परकी नव्हती. आपला पुंजकाच आपल्या कल्पनेहून मोठा होता. याच्या उलट टोंकाला प्रत्येक गोळीगणिक माशीचा स्क्रू फिरविणारा माणूस असतो. एक गोळी उजवीकडे गेली कीं तो डावीकडे फिरवितो, दुसरी डावीकडे गेली कीं उजवीकडे. आणि स्थिर बंदुकीलाहि भ्रमिष्ट करून सोडतो. संसारांतहि अशीं माणसें आहेत. 'सगळें माझेंच चुकलें' हें त्यांचें पालुपद ऐकावयास नम्र वाटतें. पण सगळें चुकलें म्हणणाऱ्याला नेमकें काय चुकलें हें शोधावें लागत नाहीं, ही त्यांतली सोय ध्यानांत घेतली पाहिजे.

येथें थांबतां आलें असतें. परंतु दुसऱ्यांच्या कागदांवर बोट ठेवून आपला कागद घडी घालून खिशांत ठेवणें बरें नव्हे.

मी इंग्रजी शिकवितों. सुमारें अठरा वर्षांपूर्वीं, फेब्रुवारी महिन्यांत, राधानगरीकडच्या एका खेड्यांतून येणारा मुलगा वर्गांत उभा राहून उतारा वाचीत होता. एका शब्दाचा उच्चार त्यानें कांहीं निराळाच केला, आणि मी म्हणालों, "हे इंग्रजी कुठल्या गुऱ्हाळांत शिकलास रे?" वर्ग खदखदून हंसला. मुलानें उतारा पुरा वाचला आणि तो खालीं बसला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या तासाला आला नाहीं. जूनमध्यें त्याचें नांव पटावर नव्हतें. त्याच्या घरीं खरोखरच गुऱ्हाळ होतें, हें मला मागाहून कळलें.

हा प्रसंग मीं वर्षानुवर्षें चुकार गोळी म्हणून बाजूला ठेवला होता. मी कठोर मास्तर नाहीं. माझे जुने विद्यार्थी रस्त्यांत भेटले तर थांबून नमस्कार करतात. नऊ गोळ्या मध्यभागीं, एक बाहेर. ती माझी नव्हे. पुतणीचें वाक्य ऐकल्यावर त्या रात्रीं मीं हा कागद पुन्हां उघडला. एका गोळीवरून कांहीं ठरत नाहीं, म्हणून तशा आणखी आठवतात काय हें पाहूं लागलों. आठवल्या. आजऱ्याकडची एक मुलगी, शाहूवाडीचा एक मुलगा, जो पुढें हंसण्यावारी नेत असे, आणखीहि कांहीं. सहा प्रसंग मोजले, आणि त्या सहांची दिशा पाहून मी चरकलों. ते सारे एकाच बाजूला होते. शहरांतल्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांनीं कधीं चुकीचे उच्चार केले नाहींत असें नाहीं. ते मीं गोड बोलून दुरुस्त केले होते. ज्या गोळ्या चहूंकडे फांकतात त्या हाताच्या थरथरीच्या. ज्या एकाच बाजूला जातात त्या सरकलेल्या माशीच्या. माझी गोळी चुकार नव्हतीच. तिच्या बहिणी मीं निरनिराळ्या कागदांवर ठेवल्या होत्या, म्हणून ती एकटी दिसत होती.

माशी केव्हां सरकली, हेंहि शोधतां आलें. मी स्वतः खेड्यांतून आलेला. सतराव्या वर्षीं कॉलेजांत पहिल्यांदा तोंड उघडलें तेव्हां असाच हंशा झाला होता. त्यानंतर दोन वर्षें आरशापुढें उभा राहून मीं माझ्या जिभेवरचा गांव पुसून काढला. तेव्हांपासून वर्गांत तो उच्चार कानांवर पडला कीं मला माझाच जुना आवाज ऐकूं येई, आणि मी त्याच्यावर बार काढीत असें. नेम माझ्यावर होता. भोंक दुसऱ्याला पडत होतें. हें कारण झालें. त्याची सबब होऊं द्यावयाची नसेल तर एवढ्यावर थांबतां येत नाहीं. कागदाच्या निशाणाला दुखत नाहीं, तें बदलतां येतें. वर्गांत निशाणाच्या जागीं एक सतरा वर्षांचा मुलगा उभा होता. मीं त्याचा पत्ता मिळवून पत्र लिहिलें. त्यांत माझ्या आरशाची हकीगत लिहिली नाहीं; ती लिहिली असती तर तें पत्र त्याच्यासाठीं न राहतां माझ्यासाठीं झालें असतें. उत्तर आलेलें नाहीं. यावें अशी अपेक्षा करण्याचा अधिकारहि मला नाहीं.

कोणी म्हणेल, प्रत्येक चुकीचा असा पंचनामा करीत बसलें तर माणसाला पुढची गोळी झाडतां येईल काय? आक्षेप खरा आहे. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत स्वप्नील कुसाळे अंतिम फेरींत बराच काळ आघाडीवर होते. उभ्या स्थितींत एक गोळी ७.६ वर गेली, आणि हातीं येऊं पाहणारें पदक जाऊन ते चौथे राहिले. पुढच्याच वर्षीं, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, तेच कुसाळे ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत उभे राहिले आणि ४५१.४ गुण मिळवून तिसरे आले. या प्रकारांत भारताला मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. ती ७.६ ची गोळी मनांत घोळवीत कोणी तेथें उभा राहूं शकत नाहीं, आणि ती कायमची विसरून कोणी तेथवर पोंचूं शकत नाहीं. २००८ सालीं बीजिंगला अंतिम फेरीपूर्वीं बिंद्रांची चाचणीची पहिलीच गोळी चारच्या वर्तुळांत गेली. रायफलीची नेम धरण्याची यंत्रणा बिघडली होती. ती कोणामुळें बिघडली, हें विचारीत ते बसले असते तर सुवर्णपदक दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत पडलें असतें. हातांतल्या थोड्या मिनिटांत त्यांनीं ती दुरुस्त केली आणि नेम धरला. चौकशीला पुढें वेळ होता. चटईवर असतांना मागची गोळी विसरावी, चटईवरून उठल्यावर ती वहींत लिहावी. विसरण्याची वेळ आणि आठवण्याची वेळ निराळी आहे, आणि बहुतेक माणसें या दोन वेळांची अदलाबदल करतात, हेंच दुःख आहे. ऐन कामाच्या वेळीं जुन्या चुका आठवून हात कांपतो. निवांत संध्याकाळीं मात्र आपण निष्पाप असतों.

पुढच्या रविवारीं मी पुन्हां पुतणीबरोबर गेलों. उस्तादांची टोपी नव्हती, म्हणून माझी वही तिच्या डोळ्यांपुढें धरली. सातव्या गोळीला ती म्हणाली, "मधोमध, काका. नक्की." वही काढली; भोंक वर उजवीकडे, गेल्या रविवारच्याच जागीं. या वेळीं ती कांहीं बोलली नाहीं. रायफल उलटी करून तिनें दस्त्याचे स्क्रू एकेक तपासले. एक ढिला होता. म्हणजे पहिल्या दिवशीं ती बोलली तें खरेंच होतें. पण तें खरें आहे हें त्या दिवशीं तिला ठाऊक नव्हतें. अंदाजानें खरें निघालेलें वाक्य, दुसरें काय! मला वाटलें, आतां ती विजयानें माझ्याकडे पाहील. तिनें स्क्रू आवळला, वहींत तारीख घातली आणि म्हणाली, "पण स्क्रू बघायचं काम माझंच होतं ना, काका?"

मीहि आतां एक वही ठेवली आहे. फेब्रुवारी आला कीं वर्गांतून बाहेर पडतांना, विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटलें तें पाहण्याच्या आधीं, आज कोणता शब्द कोठें गेला हें मनाशीं सांगतों. मग मागें वळून पाहतों.